हरिभाऊ आपटे आणि कंटाळलेला वाचक

मराठी कादंबरीच्या कोणत्याही इतिहासात हरि नारायण आपटे यांचे नाव अग्रभागी असते. तरीही त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी हाती घेतलेले अनेक वाचक शंभरेक पानांनंतर ती खाली ठेवतात. कथानक फार लांबते, यमू तेच दुःख पुन्हा पुन्हा सांगते, मध्येच वाचकाशी बोलत बसते, अशा तक्रारी विद्यार्थी संकोचाने करतात. या संकोचाचे कारण नाही. तक्रारींची मुळे हरिभाऊंच्या चरित्रातच आहेत, म्हणून त्या चरित्राकडे येथे त्या दृष्टीने पाहू.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच वारली. आनंदाश्रम या संस्थेचे संस्थापक महादेव चिमणाजी आपटे हे त्यांचे चुलते. त्यांच्या आधाराने ते एकत्र कुटुंबात वाढले. अशा घरातील माजघर, तेथील कुजबुज, सुनांचे मूक अश्रू त्यांनी जवळून पाहिले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले आणि पुढे महाविद्यालयातही गेले. परंतु गणित आड आले आणि पदवी हाती लागली नाही. (आपल्या अभ्यासक्रमात ज्यांच्या कादंबऱ्या नेमल्या जातात, ते स्वतः बी.ए. नव्हते.) वाचन मात्र अफाट होते. स्कॉट आणि डिकन्स यांच्याबरोबर, तेव्हा अतिशय लोकप्रिय असलेल्या रेनल्ड्सच्या कादंबऱ्याही त्यांनी आवडीने वाचल्या.

या काळातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले. आगरकर हे हरिभाऊंचे गुरू, आणि पुण्यात त्यांच्या विद्वत्तेचा दबदबा होता. तरीही विशीच्या आसपास असलेल्या या शिष्याने त्या भाषांतराचे ७२ पृष्ठांचे परीक्षण लिहिले आणि त्यातील उणिवा दाखविल्या. पुढे आगरकरांच्या सुधारणावादाचा हरिभाऊंवर खोल संस्कार झाला. परीक्षणातील मतभेद त्याच्या आड आला नाही. प्रतिष्ठित ग्रंथ मनास भिडला नाही तर तसे सांगावे, मात्र कोठे आणि का भिडला नाही हे पानोपानी दाखवावे, ही वृत्ती त्यांच्यात कादंबरीकार होण्यापूर्वीच होती.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि सुमारे २७ वर्षे चालविले. ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. आज तिच्याविषयी ज्या तक्रारी होतात त्यांपैकी निम्म्या तरी येथे उलगडतात. आठवड्याच्या अंतराने वाचणाऱ्यास मागील प्रसंगाची आठवण करून द्यावी लागे, म्हणून पुनरुक्ती. अंक वेळेवर निघालाच पाहिजे आणि त्यातील रकाने भरलेच पाहिजेत, म्हणून विस्तार. घरात एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे अशी वाचनाची रीत होती, म्हणून वाचकांशी केलेला थेट संवाद. जे लेखन तीन वर्षे थोडे थोडे वाचले जात होते, ते परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात सलग वाचावयास बसले की जड जाणारच.

दुसरे कारण अधिक खोल आहे. हरिभाऊंपूर्वीच्या ‘मुक्तामाला’सारख्या कादंबऱ्या अद्भुत प्रसंगांनी भरलेल्या होत्या. त्यांवर वाढलेल्या वाचकापुढे हरिभाऊंनी ब्राह्मण घरातील सामान्य मुलगी आणून उभी केली, आणि ती घरात बोलते त्याच भाषेत तिला स्वतःची कहाणी सांगावयास लावली. हे तेव्हा नवे होते. पुढे मराठी कादंबरीने हीच वाट इतकी मळविली की आज त्यात नवे काही दिसत नाही. शिवाय त्या वेळी बाहेर काय चालले होते हेही विसरून चालणार नाही. कादंबरीची प्रकरणे छापली जात असतानाच संमतिवयाच्या विधेयकावरून पुणे पेटले होते. १८९१ मध्ये तो कायदा झाला. यमूचे बळजबरीने केलेले केशवपन वाचणाऱ्या अनेकांच्या घरात तशी विधवा प्रत्यक्ष बसलेली असे. त्या वाचकाला ते पान कंटाळवाणे वाटणे शक्य नव्हते. कदाचित असह्य वाटले असेल.

तथापि सर्वच दोष काळावर ढकलणे योग्य नाही. हरिभाऊ एकाच वेळी साप्ताहिक चालवीत, आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत, नगरपालिकेचे काम करीत आणि सामाजिक व ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत. याचा परिणाम लेखनावर झाला. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबरीत रहस्ये आणि योगायोग इतके साचतात की आजचा वाचक थकतो, आणि त्याचे थकणे रास्त आहे. उलट ‘गड आला पण सिंह गेला’ आटोपशीर असल्याने आजही सहज वाचून होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘पण लक्षात कोण घेतो’मधील काही मधली प्रकरणे गाळली असती तर हानी झाली नसती; बालपण आणि अखेरचा भाग यांना मात्र हात लावता येणार नाही. विद्यार्थ्यांनी हे मत मान्य केलेच पाहिजे असे नाही. स्वाध्यायात कादंबरी कंटाळवाणी वाटली असे लिहिण्यास हरकत नाही. फक्त कोणत्या प्रकरणापासून आणि कोणत्या कारणाने, हे नोंदवावे.

१९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंना मिळाले. ‘करमणूक’ बंद पडल्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ‘गणपतराव’, ‘सूर्यग्रहण’ अशा त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, आणि अंकामागून अंक त्यांच्या मागे आलेल्या वाचकांना त्यांचा शेवट कधीच कळला नाही.