स्तंभावरची नावे वाचणारा माणूस : शिवराम जानबा कांबळे

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री बीड, गेवराई, माजलगाव, परळी, केज, अंबाजोगाई या भागातून निळे झेंडे लावलेल्या गाड्या कोरेगाव भीमाच्या दिशेने निघतात. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे या दिवसांत ऊसतोडीवर असतात. त्यांतले कित्येक जण एका दिवसाची मजुरी बुडवून कारखान्याच्या तळावरूनच परस्पर पेरणे फाटा गाठतात. भीमा नदीकाठच्या विजयस्तंभाला मानवंदना देतात आणि कपाळी स्तंभाची माती लावून परततात. १ जानेवारी हा आपला शौर्यदिन आहे, हे आता लहान मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु हा दिवस आपला कसा झाला? इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारलेला दगड आपल्या स्वाभिमानाचे प्रतीक कोणी केला? या प्रश्नाच्या उत्तरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आधी एक नाव घ्यावे लागते. ते नाव म्हणजे शिवराम जानबा कांबळे.

शिवरामजींचा जन्म १८७५ सालचा, पुण्यातला. ज्या पुण्यात पेशवाईच्या काळात अस्पृश्यांच्या सावलीचाही विटाळ होत असे, त्याच पुण्यात ते वाढले. महाविद्यालयाची पायरी त्यांनी पाहिली नाही. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये साहेबलोकांच्या हाताखाली त्यांनी नोकरी केली. पण अक्षरओळख झाली आणि वाचनाचे वेड लागले. लोकहितवादी आणि बाबा पदमनजी यांचे लेखन त्यांनी वाचले. वाचलेले डोक्यात ठेवून ते गप्प बसले नाहीत. ते वाचन त्यांनी समाजाच्या कामाला लावले.

त्या काळी समाजासमोरचा ज्वलंत प्रश्न होता लष्करभरतीचा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपायांची मोठी भरती होती. लष्करातल्या नोकरीने काय दिले? ठरलेला पगार दिला, पेन्शन दिले आणि सर्वांत मोठे म्हणजे पलटणीतल्या शाळा दिल्या. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिले जात नव्हते, त्यांची मुले छावणीच्या शाळेत शिकू लागली. गोपाळबाबा वलंगकर लष्करातूनच निवृत्त झालेले. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतले शिक्षक. त्यांच्या पोटी महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. आपल्या चळवळीची पहिली शिकलेली पिढी पलटणीच्या आश्रयाने उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

आणि नेमके हेच दार इंग्रजांनी बंद केले. १८९२-९३ च्या सुमारास लढाऊ जातींचे खूळ सरकारच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती थांबली. ज्यांच्या आज्यांनी रक्त सांडले, त्यांच्या नातवांना लढण्यास नालायक ठरवण्यात आले. वलंगकरांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. त्यांच्यानंतर ही लढाई शिवरामजींनी खांद्यावर घेतली.

१९०३ साली त्यांनी सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरवली. मोटार नाही, लाऊडस्पीकर नाही, हाताशी पैसा नाही. गावकीची कामे आणि पाटलाची नजर चुकवून लोक पायी आले. दीड हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे गेला. मुलांना शिक्षण द्या, सरकारी नोकऱ्यांत घ्या, पोलिसांत आणि लष्करात भरती करा, अशा मागण्या त्यात होत्या. सरकारने दाद दिली नाही. शिवरामजी खचले नाहीत. १९१० साली जेजुरीला दख्खनमधील महारांची परिषद भरली आणि तिच्या वतीने अर्ज थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे पाठवण्यात आला. मुंबईचे सरकार ऐकत नाही म्हणून लंडनचे दार ठोठावणारा हा माणूस हॉलमधला नोकर होता, हे लक्षात घ्या!

याच काळात, १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. ‘मूकनायक’ येण्याआधी बारा वर्षे! या मासिकातून त्यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेवर घणाघात केला. खंडोबाच्या नावाने आपल्याच पोरी सोडायच्या आणि त्यांची विटंबना उघड्या डोळ्यांनी पाहायची, हा धर्म नव्हे, हे त्यांनी समाजाला ठणकावून सांगितले. शिवूबाई नावाच्या मुरळीने आपली व्यथा या मासिकातून मांडली आणि १९०९ साली तिचा रीतसर विवाह झाला. दुसऱ्याकडे हक्क मागणाऱ्याने आपल्या घरातील घाणही साफ केली पाहिजे, हा शिवरामजींचा बाणा होता.

आता विजयस्तंभाकडे येऊ. १ जानेवारी १८१८ रोजी काय घडले? कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाली होती. सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा, इतकेच तिचे बळ. समोर दुसऱ्या बाजीरावाची छावणी होती अठ्ठावीस हजारांची. ही सर्वच फौज एकाच वेळी गावात उतरली नव्हती, पेशव्यांनी लढाईत घातलेले पायदळ दोन हजारांच्या घरात होते. पण उपाशीपोटी, पाण्याविना, गल्लीबोळांतून दिवसभर झुंज देऊन त्या तुकडीने गाव सोडले नाही. कंपनीचे पावणेतीनशे लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली आणि त्याच वर्षी पेशवाई बुडाली.

मी हे आकडे मुद्दाम सांगतो. पाचशेंनी अठ्ठावीस हजार कापले, असे भाषणात सांगायला सोपे असते. पण मी वकील आहे. पुराव्यात फुगवटा केला की विरोधक त्या फुगवट्यालाच टाचणी लावतो आणि खरा पुरावाही लोक संशयाने पाहू लागतात. आपल्याला फुगवट्याची गरजच काय? १८२१ साली पायाभरणी झालेल्या त्या स्तंभावर लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. नाक म्हणजे महार. त्या फौजेत मराठे, मुसलमान, इतर जातींचेही शिपाई होते आणि पेशव्यांकडे अरब होते. म्हणून ते इंग्रजांचे भाडोत्री होते, असा आरोप आपल्याच पूर्वजांवर करणाऱ्यांनी आधी आरशात पाहावे. ज्या राज्यात माणूस म्हणून जगता येत नव्हते, त्या राज्याचे ऋण कोणी आणि कशासाठी फेडायचे?

शिवरामजींनी ओळखले ते हे, की हा स्तंभ म्हणजे सरकारच्याच हस्ताक्षरातील कबुलीजबाब आहे. तुम्ही आम्हाला लढाऊ नाही म्हणता, मग तुमच्याच दगडावर ही नावे कोणाची? न्यायालयात प्रतिवादीचाच कागद त्याच्यासमोर ठेवावा, तसा त्यांनी स्तंभ सरकारसमोर ठेवला. तेथे सभा घेतल्या. त्यांच्याच पुढाकाराने १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी आले. वडिलकीचा कोणताही गर्व न धरता शिवरामजी आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान असलेल्या बॅरिस्टरच्या पाठीशी उभे राहिले. अडीच महिन्यांनी, २० मार्चला, चवदार तळ्याचे पाणी पेटले. शूरांच्या स्मारकापुढे नतमस्तक होऊन समाज तळ्याकडे चालत गेला, असेच म्हणावे लागेल.

१९२९ साली पुण्याच्या पर्वती सत्याग्रहातही शिवरामजी अग्रभागी होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, मंदिर उघडले नाही, पण पुण्याच्या सनातन्यांचा मुखवटा मात्र गळून पडला.

भरतीचे काय झाले? पहिल्या महायुद्धात गरज लागताच १९१७ साली महारांची पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच १९२१ साली मोडली गेली. गरज सरो, वैद्य मरो! अखेर बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली आणि तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. सासवडच्या सभेपासून अडतीस वर्षे लागली. अर्ज फेटाळला म्हणून लढा संपत नाही, हे शिवरामजींचे जीवन सांगते.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई सरकारला केलेला अर्ज आपल्या आज्यापणज्यांच्या कामाचा नव्हता, त्यांचे वतनी जिणे चालूच राहिले. आज मात्र कोरेगावला जाणाऱ्यांत आपला जिल्हा मागे नाही. २०१८ साली द्विशतकी मानवंदनेच्या दिवशी हल्ले झाले, तरी पुढच्या वर्षी आपली माणसे अधिक संख्येने गेली. ही निष्ठा मोठीच आहे. पण शिवरामजींनी केवळ माथा टेकवला नाही, त्यांनी नावे वाचली आणि त्या नावांच्या जोरावर अर्ज लिहिला. आपण काय करतो?

जानेवारीत आपला दुसराही स्मृतिदिन येतो, १४ तारखेचा. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्याने सोळा वर्षे रक्त सांडले. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावे आपण घेतो. पण ज्यांची घरे जळाली, ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांची तालुकावार यादी कोणत्या विहारात आहे? महायुद्धात आणि स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आपल्या गावातून गेलेले जवान कोण, हे किती जणांना सांगता येते?

दगडावर नावे होती म्हणून शिवरामजींना दावा मांडता आला. जे नाव नोंदले जात नाही, त्याच्या बाजूने कोणीही साक्ष देत नाही. म्हणून कोरेगावहून परतल्यावर प्रत्येक गावच्या विहारात एक वही ठेवा. वृद्धांना विचारा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करा, जुने खटले आणि पंचनामे शोधा. ज्या तरुणांना कायदा कळतो त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. शिवराम जानबा कांबळे यांना खरे अभिवादन तेच ठरेल.

जयभीम!