वाटाण्याच्या वाफ्यातले धर्मगुरू : ग्रेगोर मेंडेल



घरात बाळ जन्मले की पाहायला येणारी मंडळी नाक कोणाचे, डोळे कोणाचे, याचा निकाल तिथल्या तिथे लावून मोकळी होतात. रंग गोरा असला तर तो आमच्याकडचा. बाळ आजारी निघाले किंवा तिसरीही मुलगीच झाली, तर दोष सुनेच्या माहेरचा. याजकीय सेवेत हे गाऱ्हाणे आम्ही पुष्कळ उंबरठ्यांवर ऐकले आहे. आईवडिलांकडून मुलांकडे काय जाते आणि कोणत्या नियमाने जाते, या प्रश्नाचे पहिले पक्के उत्तर एका कॅथलिक धर्मगुरूने दिले. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव आणि त्यांचे वाटाणे येतात. त्यांचा झगा मात्र बहुधा गाळला जातो.

योहान मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्ट्सेनडॉर्फ या खेड्यात झाला. आज ते हिंचित्से या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. वडील आंतोन शेतकरी होते. आपली शेती सांभाळून आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीला जावे लागे. त्या धर्मग्रामाचे फादर श्रायबर यांना फळबागेचा मोठा नाद होता आणि लोकांना चांगली कलमे लावायला ते शिकवीत. योहानला कलम बांधण्याचे बाळकडू असे घरच्या वाडीतच मिळाले.

मुलगा हुशार म्हणून मास्तरांच्या सांगण्यावरून त्याला शहरात शिकायला पाठवले, पण पैसे पुरेनात. खानावळीत त्याला अर्धाच शिधा मिळे. १८३८ मध्ये लाकडाचा ओंडका अंगावर येऊन आंतोन जायबंदी झाले आणि घराचा कणाच मोडला. योहान शिकवण्या करून शिकू लागला, उपासमारीने आजारी पडून महिनोन्महिने घरी येऊन राहिला. शेवटी धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या हुंड्यातला वाटा भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. मेंडेल हे उपकार कधी विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या अगस्तीनी मठात दाखल झाले आणि त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. पोटापाण्याच्या विवंचनेतून सुटका हे मठात येण्याचे एक कारण होते, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. काहींना हे वाचून अवघडल्यासारखे होते. आम्हाला होत नाही. देव माणसाला बोलावतो तेव्हा त्याच्या भुकेलाही वाट दाखवू शकतो.

६ ऑगस्ट १८४७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. धर्मग्रामाच्या कामात आजाऱ्यांना भेटणे आले, आणि तेच त्यांना झेपेना. वेदनेने तळमळणारा माणूस पाहिला की ते स्वतःच आजारी पडत. मठाधिपती सिरिल नाप यांनी हे ओळखले आणि रागे न भरता त्यांना शाळेत शिकवायला धाडले. शिक्षक म्हणून ते मुलांचे लाडके झाले, पण सरकारी शिक्षक-परीक्षेत १८५० मध्ये नापास झाले. भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांत ते कमी पडले. नाप यांनी मग त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. १८५१ ते १८५३ या काळात ते तिथे भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण मध्येच आजारी पडून परतले. जनुकशास्त्राचा जनक आयुष्यभर विनाप्रमाणपत्र बदली शिक्षकच राहिला! आपल्या घरात दहावीच्या निकालाच्या दिवशी कोणी तोंड लपवून बसले असेल, तर त्याला हे जरूर सांगावे.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत खरे काम सुरू झाले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी वाटाण्याच्या ३४ जाती लावून, कोणती जात पिढ्यान्‌पिढ्या आपला गुण न बदलता देते हे तपासले होते. बागेचा तुकडा सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. वाटाण्याचे फूल पाकळ्यांच्या आत स्वतःचेच परागण करून घेते, बाहेरचा पराग सहसा आत शिरत नाही. मेंडेल कळी कोवळी असतानाच उघडत, चिमट्याने पुंकेसर काढून टाकत, दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावत आणि फुलावर पिशवी बांधत. आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८ हजार रोपे हाताखालून घातली. हे सारे मिस्सा, प्रार्थना आणि शाळेचे तास सांभाळून.

तेव्हाचे विद्वान समजत की दूध आणि पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण मुलात मिसळतात. त्याहून जुने मत ॲरिस्टॉटलचे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ते आम्हीही वाचले: आकार देणारा बाप, आई पुरवते ती केवळ द्रव्य. हे मत युरोपात अनेक शतके टिकले आणि, खरे सांगायचे तर, आपल्या ओसरीवर अजून टिकून आहे.

मेंडेल यांनी वादावादी केली नाही, त्यांनी मोजले. गोल दाण्याची जात आणि सुरकुतलेल्या दाण्याची जात यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. ते दाणे पेरून, त्यांच्या झाडांचे स्वतःचेच परागण होऊ दिले, तेव्हा ७३२४ दाणे मिळाले: ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे तीनास एक. हरवलेली सुरकुती हरवली नव्हतीच, एक पिढी लपून बसली होती. मग त्या गोल दाण्यांतून वाढवलेली ५६५ झाडे तपासली. त्यांतल्या १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले, ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे. दिसायला सारखे गोल दाणे आतून सारखे नव्हते. यावरून त्यांनी मांडले की प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, आणि पुढच्या पिढीला त्यांतला कोणताही एकच जातो. पराग कोणत्या जातीचा आणि मादी फूल कोणत्या जातीचे, याची अदलाबदल करूनही त्यांनी पाहिले. निकाल तोच आला. दोघांचा वाटा सारखा.

बंधुभगिनींनो, या तीनास एकवर आम्ही थोडे थांबतो, कारण ते आपल्या घरातही लागू पडते. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असाच चालतो. एकच बिघडलेला घटक असलेला माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. अशा दोघांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. त्या मुलाला मग आयुष्यभर वारंवार रक्त चढवावे लागू शकते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असा हिशेब नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते. आपल्या राज्यातल्या आदिवासी बांधवांत आढळणाऱ्या सिकलसेलची रीतही हीच. असे मूल जन्मते तेव्हा एक घटक आईने दिलेला असतो आणि एक बापाने. एकट्या सुनेच्या माथी दोष मारायला इथे जागाच नाही. मुलगा की मुलगी हे तर बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. विवाहपूर्व शिबिराला येणाऱ्या जोडप्यांना आम्ही रक्ताची ही तपासणी करून घ्यायला सांगतो तेव्हा काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी वाटाण्याचा हा हिशेब एकदा शांतपणे वाचावा.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी मेंडेल यांनी आपले काम ब्रनोच्या निसर्ग-अभ्यास मंडळापुढे वाचून दाखवले. १८६६ मध्ये ते छापून आले. त्याच्या ४० प्रती त्यांनी वेगळ्या काढून घेतल्या आणि काही नामवंतांना धाडल्या. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांनी उत्तर दिले खरे, पण त्यांना वाटाण्यात रस नव्हता. आपल्या आवडीच्या रानफुलांवर प्रयोग करा, असे त्यांनी सुचवले. मेंडेल यांनी डोळे बिघडेपर्यंत त्या बारीक फुलांवर मेहनत घेतली. ही फुले बहुधा परागणावाचूनच बी धरतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. साहजिकच तिथे तीनास एक काही दिसेना.

१८६८ मध्ये ते मठाधिपती निवडले गेले आणि कागदपत्रांनी वाफ्याची जागा घेतली. मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी तेवढ्या चालू राहिल्या. १८७४ च्या कायद्याने सरकारने मठांवर नवा कर बसवला. मेंडेल यांना तो अन्यायाचा वाटला आणि मरेपर्यंत त्यांनी तो मान्य केला नाही. या भांडणात त्यांची शेवटची दहा वर्षे कडवट गेली, जुने मित्र दुरावले. आमच्या मते त्यांचा हट्ट थोडा जास्तच झाला, पण वेठीला जाणाऱ्या शेतकऱ्याचा तो मुलगा होता, हे विसरून चालणार नाही.

६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, मूत्रपिंडाच्या विकाराने ते देवाघरी गेले. अंत्यविधीच्या मिस्साचे संगीत पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेओश यानाचेक यांनी सांभाळले. गर्दी मोठी होती, पण ती एका दानशूर मठाधिपतीला निरोप द्यायला आली होती. १९०० मध्ये तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांनी मेंडेल यांचा निबंध पुन्हा उजेडात आणला, आणि १९०९ मध्ये त्या घटकाला आजचे नाव मिळाले. आपण त्याला जनुक म्हणतो. त्यांचे आकडे गरजेपेक्षा जास्त नीटनेटके आहेत, अशी शंका इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ मध्ये काढली. त्यावर पुष्कळ वाद झाला. नियम मात्र जगभरच्या प्रयोगांत खरे ठरले.

घटक म्हणजे नेमके काय, हे मेंडेल यांना माहीत नव्हते. ते आज प्रयोगशाळेत कसे शोधतात, हे त्यांच्याच सुरकुतलेल्या दाण्यावरून समजते. आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर. जनुक हा त्यातला एक उतारा, आणि तो बहुधा एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगतो. शरीराची कामे करतात ती प्रथिने. अभ्यासक दाणे वाटून त्यांतली प्रथिने अगर-अगरच्या वडीसारख्या जेलीच्या पातळ थरात घालतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. लहान प्रथिने लवकर पुढे सरकतात, मोठी मागे राहतात, आणि पट्टे उमटतात. एका जातीत पट्टा आहे आणि दुसरीत नाही, असे दिसले की चोर कुठे शोधायचा ते कळते. डीएनएचे तुकडेही असेच पळवून त्यांची लांबी मोजता येते. थॅलेसेमियासाठी रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची एक पद्धतही अशीच आहे.

इंग्लंडमधील नॉर्विच येथे मदन भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या सुरकुतीचे कारण प्रसिद्ध केले. सुरकुतलेल्या दाण्यात पिष्टाला फांद्या फोडणारे एक प्रथिन नव्हते. त्याच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक आगंतुक तुकडा घुसला होता. उताऱ्याच्या मधोमध कोणी भलतेच पान चिकटवावे, तसे. ते प्रथिन नाही म्हणून पिष्ट कमी बनते आणि साखर उरते. साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी शोषून फुगतो, आणि वाळताना ते पाणी गेले की साल सुरकुतते. एक चांगला घटक असला तरी दाणा गोल राहण्यापुरते प्रथिन बनते. सुरकुती एक पिढी लपते ती म्हणून. मेंडेल यांच्या सात गुणांपैकी उरलेल्या शेवटच्या तीन गुणांमागची जनुके ब्रिटिश आणि चिनी शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. १८६६ पासून मोजले तर १५९ वर्षे.

मठाच्या बंधूंनी या शास्त्राला आणखी एक गोष्ट देऊ केली. जन्माला २०० वर्षे होण्याच्या निमित्ताने, २०२१ मध्ये त्यांच्या संमतीने ब्रनोच्या दफनभूमीतील अगस्तीनी थडगे उघडण्यात आले. तिथे अनेकांचे अवशेष होते. त्यांतले मेंडेल कोणते, हे त्यांच्या वापरातल्या वस्तूंवर सापडलेल्या डीएनएशी ताडून ठरवण्यात आले. मग त्यांचा स्वतःचा मजकूर अक्षर अक्षर वाचला गेला. त्यात मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकाराकडे कल दाखवणाऱ्या खुणा मिळाल्या.