परक्या दुधावरची साय

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कॉलनीतल्या एका काकूंकडे गेले होते. वाण लुटून झालं, बायका पांगल्या, तेव्हा काकूंनी मला हळूच आतल्या खोलीत बोलावलं आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. गुटगुटीत बाळ, दात नसलेलं हसू. मुलाचा मुलगा. सून मणिपूरची, दोघंही पुण्यात नोकरीला. बाळाचे डोळे थेट आईचे, बारीक आणि लुकलुकणारे. फोटो दाखवता दाखवताच काकूंचा आवाज खाली आला. आमच्या घरातला वाटतच नाही हो, म्हणाल्या. बारशाला त्या गेल्या नव्हत्या. स्वतःच्या हातानं विणलेलं स्वेटर-टोपडं, झबली, दुपटी, सगळा बाळंतविडा कपाटात तसाच बांधून ठेवलेला.

मी काय बोलणार? फोटो गोड आहे म्हटलं आणि घरी आले. पण रात्री भांडी आवरताना एकसारखी पर्ल बक आठवत राहिली.

कॉलेजात इंग्रजी घेतलेल्या मैत्रिणींना हे नाव ठाऊक असेल. 'द गुड अर्थ' ही चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची कादंबरी लिहिणारी अमेरिकन बाई. १९३१ साली ती आली, पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं आणि १९३८ साली साहित्याचं नोबेल. हा मान मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. आणि ज्यांना पुस्तकांत फार रस नाही त्यांच्यासाठी सांगते, देव आनंदच्या 'गाईड'ची जी इंग्रजी आवृत्ती निघाली होती ना, तिच्या पटकथालेखनातही पर्लबाईंचा हात होता. असो. मला सांगायचंय ते या मानसन्मानांबद्दल नाहीच.

पर्लचा जन्म १८९२चा, अमेरिकेतला. पण आईवडील मिशनरी, त्यामुळे काही महिन्यांची असतानाच ती चीनला आली आणि झेनजियांग नावाच्या गावात वाढली. आईची बरीच मुलं लहानपणीच दगावली होती, वडील धर्मप्रचारासाठी सदा फिरतीवर. घरात पर्लला सांभाळायला एक म्हातारी चिनी दाई होती, वांग आमा. पाय लहानपणीच बांधून खुरटवलेले, घरची माणसं जुन्या बंडाळीत गेलेली, जगात कुणी नाही. त्या बाईनं या परक्या पोरीला आपल्या पंखाखाली घेतलं. भुताखेतांच्या, राक्षसांच्या, लढायांच्या गोष्टी सांगितल्या. पर्लचे केस सोनेरी. माणसाचे केस काळेच असायला हवेत ही आमाची पक्की समजूत, म्हणून ती हे पिवळे केस गोळा करून लाल टोपीत दडवायची, पोर चारचौघींसारखी दिसावी म्हणून! लोक वेगळ्या रंगाच्या लेकराकडे कसे टक लावून बघतात, हे पर्लला तेव्हापासून माहीत. आणि आपल्यापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या म्हातारीच्या मांडीवर किती निवांत झोप लागते, हेही.

१९१७ साली तिनं शेतीतज्ज्ञ जॉन लॉसिंग बकशी लग्न केलं. १९२० मध्ये मुलगी झाली, कॅरल. दिसायला अगदी देखणी. पण पोर बोलेना, सांगितलेलं समजेना. पर्ल तिला घेऊन अमेरिकेला गेली, दवाखाने पालथे घातले. शेवटी मेयो क्लिनिकमधल्या एका डॉक्टरनं स्पष्ट सांगून टाकलं, की मुलीची बुद्धी वाढणार नाही, आशा सोड. (जन्मतःच असणारा हा दोष पुढे शोधला गेला. आता बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून तो कळतो आणि वेळीच पथ्य सुरू केलं तर मूल नीट वाढतं. कॅरल जन्मली तेव्हा यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.) बाळंतपणानंतरच्या शस्त्रक्रियेमुळे पर्लला पुन्हा मूल होणार नव्हतं. तिनं एक मुलगी दत्तक घेतली. १९२७ साली नानजिंगमध्ये परदेशी लोकांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा एका गरीब चिनी बाईनं आपल्या झोपडीत लपवून या कुटुंबाचा जीव वाचवला. १९२९ मध्ये कॅरलला अमेरिकेतल्या एका संस्थेत ठेवावं लागलं. त्याचा खर्च भागवायचा तर पैसे हवेत, म्हणून लेखणी जोरात चालली. नोबेल मिळवणाऱ्या लेखिकेमागे संस्थेची फी भरणारी एक आई होती. पुढे घटस्फोट झाला, आपल्याच प्रकाशकाशी, रिचर्ड वॉल्शशी, १९३५ मध्ये दुसरं लग्न झालं, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर आणखी दत्तक मुलांचा गोकुळ भरला.

आता ज्यासाठी मला पर्ल आठवली ते. १९४८ सालचा डिसेंबर, नाताळचे दिवस. एका दत्तक संस्थेकडून तिच्याकडे विचारणा आली. सव्वा वर्षाचा मुलगा आहे, रॉबी. आई अमेरिकन, वडील आपल्या भारतातले. दोन्हीकडच्या माणसांना तो नको होता. संस्थांचा नियम असा, की मूल द्यायचं ते त्याच वर्णाच्या, त्याच धर्माच्या आईबापांना. मग याला देणार कुणाला? गोऱ्यांत बसत नाही, काळ्यांत बसत नाही. सुदृढ, हुशार पोर, फक्त रंग कुठल्याच रकान्यात बसेना! पर्लनं सांगितलं, आणा माझ्याकडे. मग दुसरं बाळ आलं, त्याचे वडील चिनी. तिनं एकामागून एक संस्थांना विचारलं आणि सगळीकडून नकारच आला. तेव्हा ती चिडली आणि १९४९ मध्ये तिनं स्वतःचीच संस्था काढली, 'वेलकम हाउस'.

इथली एक गोष्ट मला फार आवडते. पर्ल तेव्हा छपन्न वर्षांची होती, नवरा साठी ओलांडलेला. या वयात आपण आईबाप होणं त्या पोरांवर अन्याय, असं तिला वाटलं. म्हणून तिनं आसपासचं एक तरुण जोडपं शोधून त्यांना मुलांचे आईबाप केलं, जवळच घर घेऊन दिलं, आणि स्वतः झाली आजी. रागे भरायचं काम आईबापांचं. लाड करायचं, गोष्टी सांगायचं काम आजीचं. वांग आमानं तिला जे दिलं, ते पन्नास वर्षांनी असं पुढे गेलं. तिथल्या छोट्या गावातले लोक काय म्हणतील ही धास्ती होतीच, पण शेजारीपाजारी उलट मदतीलाच आले. पुढे या संस्थेनं पाच हजारांहून अधिक मुलांना घरं मिळवून दिली. १९६४ साली तिनं आणखी एक संस्था काढली, कोरिया आणि आसपासच्या देशांत अमेरिकन सैनिक जी मुलं मागे टाकून गेले त्यांच्यासाठी.

हेच सगळं तिच्या कादंबऱ्यांतही येतं. 'द हिडन फ्लॉवर' १९५२ची. जपानी मुलगी आणि अमेरिकन अधिकारी लग्न करतात, पण त्याच्या व्हर्जिनिया राज्यात कायद्यानं असं लग्नच मान्य नाही. (हा कायदा १९६७ पर्यंत होता बरं!) बाळ शेवटी युरोपातून निर्वासित म्हणून आलेल्या एका एकट्या, पोक्त डॉक्टरणीच्या ओटीत पडतं. 'कम, माय बिलव्हेड' १९५३ची, आणि त्यात चक्क आपलं पुणं आहे. आयुष्यभर भारतीयांची सेवा करणाऱ्या मिशनऱ्याची मुलगी जेव्हा भारतीय डॉक्टरशी लग्न करायचं म्हणते, तेव्हा त्याच बापाचे पाय लटपटतात. सेवा वेगळी आणि सोयरीक वेगळी! किती ओळखीचं वाटतं नाही?

पण माझी आवडती १९५७ची 'लेटर फ्रॉम पेकिंग'. एलिझाबेथ अमेरिकन, तिचा नवरा अर्धा चिनी. चीनमध्ये राजवट बदलते, ती मुलाला घेऊन अमेरिकेतल्या शेतावर येते, नवरा तिकडेच राहतो. मुलगा रेनी ऐन तारुण्यात, आणि आपल्या अंगातल्या चिनी रक्ताचा त्याला राग येतो. त्याच रक्तापायी एका मुलीच्या घरून नकारही मिळतो. अशात एलिझाबेथ आपल्या सासऱ्याला शोधून काढते. हा गोरा म्हातारा, 'बाबा', एकेकाळी चिनी बाईशी लग्न केलेला, आता दूर कुठेतरी दुसऱ्याच्या आसऱ्याला पडलेला, स्मरणशक्ती विरत चाललेली. नवरा समुद्रापलीकडे अडकलेला, त्याचं परतणं कठीण, आणि ही बाई सासऱ्याला घरी आणते, न्हाऊमाखू घालते, शेकोटीशी बसवते. त्याच्या तुटक आठवणींतून नवऱ्याची आई तिला थोडी थोडी कळू लागते. घरात ज्या चिनी आजीबद्दल कुणी बोलत नव्हतं, ती शेकोटीशी बसून चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून घरात येते. एकदम सगळं गोड होत नाही. नातू आधी आजोबांवर चिडतोच, की तुम्ही चिनी बाईशी लग्न केलंतच का. पण वर्षभरात घर सावरतं.

पर्लचं स्वतःचं घर मात्र उतारवयात इतकं सावरलं नाही, हेही सांगायला हवं. वॉल्श १९६० मध्ये गेले. मुलींना नाच शिकवायला आलेला एक तरुण शिक्षक तिचा सोबती झाला, संस्थेचा कारभारही त्याच्याच हाती गेला. पुढे वर्तमानपत्रांतून आरोप झाले, त्यानं राजीनामा दिला, पण पर्लनं त्याची बाजू सोडली नाही. मुलं दुरावली, मृत्युपत्रावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. हजारो पोरांची आजी झालेल्या बाईला स्वतःची मुलं शेवटी का सांभाळता आली नाहीत, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. एकटेपण माणसाला काय काय करायला लावतं, एवढंच वाटतं. १९७२ मध्ये तिला एकदा चीन बघायचं होतं, चिनी सरकारनं परवानगी नाकारली. १९७३च्या मार्चमध्ये ती गेली. शेतावरच्या तिच्या समाधीच्या दगडावर इंग्रजी नाव नाही, माहेरच्या आडनावावरून घडवलेलं चिनी नाव आहे, चिनी अक्षरांत.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. उपदेश म्हणून नाही हो, दुपारी शेंगा सोलता सोलता. रॉबीचे वडील आपल्याकडचे होते हे ऐकून त्या जरा थांबल्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, की कादंबरीतल्या त्या म्हाताऱ्याला मुलगा परत भेटतो का. मी म्हटलं, नाही भेटत. त्या उठल्या आणि शेंगांची साल टाकायला परसात गेल्या.

चार दिवसांनी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर पुढच्या खोलीत पिवळ्या लोकरीचे गुंडे पडलेले. बाळंतविड्यातलं स्वेटर उसवत होत्या. एवढं छोटं आता त्याच्या दंडातही जायचं नाही, म्हणाल्या, आणि आठ महिन्यांच्या मुलाला किती टाके घालायचे ते मला विचारलं.