विद्यार्थी भीमराव

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आपल्या भागास नवे नाही. पिंपरीच्या चौकातील त्यांच्या पुतळ्यावरून आपली रोजची ये-जा असते. देहूरोडला तर २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः येऊन रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि त्या दिवशी आपल्या पंचक्रोशीतून माणसे लोटली होती. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण सर्व त्यांना वंदन करतो. परंतु त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या अभ्यासात गेली आणि तो अभ्यास पुढे आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडे बारावी झालेली मुलगी अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेते म्हणाली, की या कारखान्यांच्या गावात त्याचा उपयोग काय, असे घरोघर विचारले जाते. हा प्रश्न मनात ठेवूनच मी हे चरित्र पुन्हा वाचले, आणि त्यातील विद्यार्थी भीमरावांची कथा भगिनींपुढे ठेवीत आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. आई लहानपणीच गेली. आत्या मीराबाईंनी मुलांना वाढविले. साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, घरून नेलेल्या तरटावर बसून त्यांनी अक्षरे गिरविली. पुढे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. मुलाला पुस्तकांची विलक्षण ओढ आणि वडिलांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे. तेव्हा रामजी आपल्या विवाहित मुलींकडे, मंजुळा व तुळसा यांच्याकडे, जात, त्यांचा एखादा दागिना घेऊन गहाण टाकीत आणि त्या पैशांतून भीमरावांसाठी पुस्तक आणीत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत देत. एवढ्या मोठ्या विद्वत्तेच्या पायाशी दोन बहिणींचे दागिने आहेत, हे आपण बायकांनी विसरू नये.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तिच्या आधारावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. केले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोदे संस्थानाने त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा करार होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी जणू अन्नावर तुटून पडावे तसा अभ्यास केला. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याचे २९ पाठ्यक्रम त्यांनी घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. सार्वजनिक अर्थव्यवहाराचे नामांकित पंडित एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे गुरू. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी स्त्रीला जखडून ठेवावे लागते, असे त्यात दाखविले आहे. सतीची चाल, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उगम त्यांनी तेथेच शोधला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथील लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास सुरू होतो न होतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ च्या मध्यास सर्व अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बुडविली गेली आणि जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला गावात राहावयास जागा मिळेना. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावण्यात आले. थोड्याच दिवसांत ते मुंबईस परत आले.

येथे एखाद्याने पुस्तके बांधून ठेवली असती. भीमरावांनी १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा पत्करली. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान आवडीने ऐकत. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास मात्र काहींची हरकत होती. याच वर्षी त्यांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र जोडले की शेती सुधारेल, असे तेव्हा पुष्कळांचे मत होते. भीमरावांनी वेगळे मांडले. जमीन लहान आहे हा खरा रोग नव्हे. तेवढ्याच जमिनीवर फार माणसे पोसली जात आहेत, हा रोग आहे. यासाठी उद्योगधंदे वाढवून शेतीवरची जास्तीची माणसे त्यांत सामावून घेतली पाहिजेत. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन जाणाऱ्या घरांतील मुलेमुली आज औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. त्या बदलाचा विचार या निबंधात १९१८ सालीच केलेला आढळतो.

पगारातून पैसा साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी ग्रंथालय उघडण्यापासून ते बंद होईपर्यंत वाचन, पोटाला जेमतेम पावाचे तुकडे, आणि रात्री फारच भूक लागली तर कोणा स्नेह्याने दिलेले पापड भाजून खाणे, असा क्रम होता. १९२१ मध्ये ते एम. एससी. झाले, पुढे बॅरिस्टर झाले. डी. एससी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला.

हा विषय ऐकताना अवघड वाटतो, पण गृहिणीस तो चटकन समजावा. रुपया पूर्वी चांदीवर आधारलेला होता. १८७३ नंतर चांदी उतरत गेली आणि १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांस बंद केल्या. तेव्हापासून किती रुपये पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले. भीमरावांचे म्हणणे असे की, नाणे काढणाऱ्याच्या हातास बंधन नसेल तर रुपये वाढतात, महागाई होते, आणि तिची झळ ठराविक मजुरीवर जगणाऱ्याला सर्वांत अधिक लागते. महिन्याचा पगार तोच आणि बाजाराची पिशवी मात्र हलकी, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? जॉन मेनार्ड केन्ससारख्या विख्यात अर्थशास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध त्यांनी हे लिहिले. परीक्षकांना प्रबंध तिखट वाटला व त्यांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. पैसे संपल्याने ते १९२३ मध्ये मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि त्याच वर्षी पदवी मिळविली. कोलंबियाची पीएच. डी. तर प्रबंध छापून द्यावा लागे म्हणून लांबली. ग्रंथ १९२५ मध्ये निघाला, पदवी १९२७ मध्ये मिळाली. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते.

हे ज्ञान त्यांनी कपाटात ठेवले नाही. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतील स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी, या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. तो कायदा १९२९ मध्ये झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या कारकिर्दीत कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला आणि कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने ती अमलात आली. आपल्याकडे आठ तासांची पाळी संपल्याचा भोंगा होतो आणि घरचे माणूस वेळेवर जेवावयास येते, त्यामागे कोणीतरी आकडे मांडून, भांडून मिळविलेला कायदा आहे.

स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री या नात्याने त्यांनी हिंदू स्त्रीला वारसा, घटस्फोट व दत्तक यांचे हक्क देणारे विधेयक मांडले. ते रखडले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे बरेचसे भाग वेगवेगळ्या कायद्यांनी मंजूर झाले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. आपल्या पट्ट्यात जमिनीचे मोल वाढल्यापासून किती बहिणी न वाचताच हक्कसोडपत्रावर सही करतात, हे मी निराळे सांगावयास नको. सही करावी की न करावी हे जिचे तिने ठरवावे. पण कागद वाचता यावा आणि त्यातला अर्थ कळावा, एवढे शिक्षण प्रत्येकीजवळ हवे.

या साऱ्या अभ्यासाची किंमत रमाबाईंनी मोजली. पती सातासमुद्रापलीकडे असताना परळच्या चाळीत त्यांनी अत्यंत काटकसरीने संसार रेटला. त्यांची पाच मुले. त्यांपैकी यशवंत तेवढे जगले, चौघे बालपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात रमाबाईंनी देह ठेवला. भीमरावांनी रुपयावरील ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, प्रांतिक अर्थव्यवहारावरील ग्रंथ सयाजीराव महाराजांस. रमाबाईंच्या नावाची अर्पणपत्रिका निघाली ती १९४० मध्ये, पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथात. ती वाचावयास त्या नव्हत्या.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय काढले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत ते निवर्तले.

भगिनींनो, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र शिकून काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर मला या चरित्रात मिळाले. पगार का पुरत नाही, कायदा कोण करतो, आपला वाटा कोठे अडतो, हे त्यातून कळते, आणि कळले म्हणजे बदलावयाचा मार्ग दिसतो. आपल्यापैकी अनेकींचे शिक्षण लग्नामुळे किंवा पैशांअभावी मध्येच सुटले आहे. भीमरावांचेही १९१७ मध्ये सुटले होते. तीन वर्षांनी त्यांनी ते पुन्हा धरले. मुक्त विद्यापीठाचे अर्ज आता घरबसल्या भरता येतात. आणि ज्यांच्या घरी शिकू पाहणारी मुलगी आहे, त्यांनी मंजुळा व तुळसा यांचे दागिने आठवावेत. मंडळाच्या निधीतून दरवर्षी अशा एका तरी मुलीची महाविद्यालयाची फी भरावी, अशी सूचना मी या स्मरणिकेद्वारे सर्व सभासदांपुढे ठेवते.