मज्जातंतूंच्या आवरणावरील आघाताचा वेध घेणारे डॉ. वसंत खानोलकर

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर देशभर परिचित आहे ते तेथील कपड्यांच्या बाजारपेठेमुळे. या वसाहतीपासून जवळच सफदरजंग रुग्णालय आहे आणि त्याच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय विकृतिशास्त्र संस्था उभी राहिली. रोगामुळे शरीरातील ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. १९६५ साली कार्यारंभ केलेली ही संस्था ज्या शास्त्राला वाहिलेली होती, त्या शास्त्राचा भारतातील पाया रचणाऱ्यांत एका मराठी डॉक्टरांचे नाव अग्रभागी आहे. ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

कर्करोग संशोधक म्हणून डॉ. खानोलकर यांची कीर्ती मोठी आहे. मात्र कुष्ठरोग हा केवळ त्वचेचा नव्हे, तर मुळात मज्जातंतूंचा आजार आहे, हे ऊतींच्या पुराव्यानिशी ठसविण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे.

परळची प्रयोगशाळा

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकर यांचे घराणे मूळचे गोव्याचे. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले.

१९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. तंबाखू-चुना तोंडात धरण्याची सवय, कमरेला घट्ट धोतर नेसण्याची रीत अशा दैनंदिन गोष्टींचा विशिष्ट कर्करोगांशी असलेला संबंध त्यांनी १९४५ मध्ये शास्त्रीय जगतापुढे मांडला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. रोगाचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याची हीच दृष्टी त्यांना कुष्ठरोगाकडे घेऊन गेली.

मायलिनचे कवच

डॉ. खानोलकर यांच्या संशोधनाचे महत्त्व समजण्यासाठी मज्जातंतूची रचना जाणून घ्यावी लागते. विजेच्या तारेवर जसे रोधक आवरण असते, तसे अनेक मज्जातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. मेंदू व मज्जारज्जूबाहेरील मज्जातंतूंवर हे आवरण ज्या पेशी गुंडाळतात, त्यांना जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्या नावाने ओळखले जाते.

या आवरणात ठरावीक अंतरावर लहान खंड असतात. संदेश एका खंडावरून दुसऱ्या खंडावर जणू उडी घेत जातो. त्यामुळे जाड आवरण असलेल्या तंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला शंभर मीटरपेक्षाही अधिक असू शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला सुमारे एक-दोन मीटर इतकाच असतो. मात्र या बारीक तंतूंनाही श्वान पेशींचाच आधार असतो.

हे आवरण झिजले की संदेश मंदावतो किंवा थांबतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू व मज्जारज्जूतील, तर गियाँ-बारे विकारात हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतील मायलिनवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. कुष्ठरोगात मात्र जिवाणू थेट श्वान पेशींत ठाण मांडून बसतात.

चट्ट्याखालचे सत्य

नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जिवाणू शोधला होता. मज्जातंतू बाधित होतात, हेही वैद्यांना ठाऊक होते. परंतु सामान्यांच्या दृष्टीने हा आजार म्हणजे अंगावरचे चट्टे आणि झडलेली बोटे. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असा शिक्काही त्यावर बसलेला होता.

डॉ. खानोलकर यांनी अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील चट्ट्यांचे नमुने बारकाईने तपासले. बाह्यतः फारसे काही दिसत नसतानाही त्वचेतील बारीक मज्जातंतूंत जिवाणू पोहोचलेले असतात, असे त्यांना आढळले. १९५१ मध्ये हा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विशेष अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. रोगाचे रूप कोणतेही असो, मज्जातंतूंचा सहभाग त्यात असतोच, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

त्यातून विकृतीचे कोडे उलगडते. कुष्ठरोगाने बोटे गळून पडत नाहीत. आधी उष्ण-शीत आणि वेदना यांची जाणीव जाते. मग चुलीवरचे भांडे उचलताना चटका कळत नाही, पायात रुतलेला काटा जाणवत नाही, जखम चिघळत राहते. कोपराजवळचा किंवा गुडघ्याखालचा मज्जातंतू निकामी झाल्यास बोटे वाकतात, पाऊल लुळे पडते.

काळाच्या कसोटीवर

डॉ. खानोलकर यांचे सर्वच निष्कर्ष पुढे जसेच्या तसे टिकले नाहीत. त्वचेतील उघड्या टोकांतून शिरलेले जिवाणू तंतूच्या गाभ्यातून वर सरकतात, असे त्यांचे अनुमान होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांत जिवाणूंचे मुख्य आश्रयस्थान श्वान पेशी असल्याचे स्पष्ट झाले. तसेच त्यांच्या केंद्रात १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून वाढविलेला जिवाणू हा कुष्ठरोगाचाच आहे, हे सर्वमान्य झाले नाही. त्या जिवाणूपासून तयार केलेल्या लशीने मात्र दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत लक्षणीय संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये जाहीर झाले.

मज्जातंतू हेच या रोगाचे मुख्य लक्ष्य, हा मूळ विचार अधिकच दृढ झाला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी हा जिवाणू श्वान पेशींना चिकटून प्रतिकारपेशींच्या मदतीशिवायही मायलिन नष्ट करू शकतो, असे दाखविले. २०१७ मध्ये झेब्रामाशावरील प्रयोगांत जिवाणूंना गिळणाऱ्या शरीराच्याच पेशी मज्जातंतूंना इजा करतात, असेही दिसून आले.

सन्मान आणि वारसा

१९५५ मध्ये डॉ. खानोलकर यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमानही त्यांना लाभला. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. कायद्यानेही पावले उचलली. १८९८ चा कुष्ठरुग्णविषयक कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ मध्ये वगळण्यात आली.

तरीही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच आढळतात. औषधाने जिवाणू मरतात, पण दीर्घकाळ पोखरला गेलेला मज्जातंतू पूर्ववत होईलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच अंगावर बधिर, फिकट वा लालसर चट्टा दिसताच जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घेणे हिताचे आहे. तेथे औषधे विनामूल्य मिळतात. चट्टा दिसण्याच्या आधीच आघात मज्जातंतूवर झालेला असतो, हे डॉ. खानोलकर यांनी सात दशकांपूर्वी दाखवून दिले. उपचारातील विलंब टाळणे, हाच त्या शोधाचा व्यावहारिक अर्थ आहे.