सत्तेत बसायचं की बाहेर राहायचं? यवतमाळच्या बापूजी अणेंना आयुष्यभर पुरलेला वाद

निवडणुकीचे निकाल लागले की कोण कोणासोबत सरकारात जाणार, यावर भांडणं सुरू होतात. यवतमाळच्या एका वकिलाने हा वाद शंभर वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता.

माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी. जन्म १८८०, वणीचा. टिळकांचे पक्के अनुयायी. १९२३ मध्ये मध्य प्रांतात स्वराज पक्ष जिंकला, पण मंत्रिपदं नाकारून सरकारची अडवणूक करायची, हे पक्षाचं धोरण. १९२५ मध्ये अमरावतीच्या श्रीपाद बळवंत तांबेंनी सरकारी पद घेतलं आणि पक्षात फूट पडली. केळकर, जयकर आणि अणे प्रतियोगी सहकारितेच्या बाजूने गेले. लोकांचं काम होत असेल तर सत्ता घ्यावी, असा त्यांचा हिशेब. टीका व्हायची ती झालीच.

पण खुर्चीचा मोह म्हणावा, तर १९३० आडवं येतं. यवतमाळला समुद्र कुठला, मीठ कसं बनवणार? म्हणून जंगल सत्याग्रह ठरला. १० जुलैला बापूजींनी स्वयंसेवकांसह पुसदच्या राखीव जंगलात गवत कापलं आणि अटक ओढवून घेतली.

१९४१ मध्ये ते थेट व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कैदेत उपोषण सुरू केलं, तरी सरकार त्यांना सोडेना. बापूजींनी राजीनामा दिला.

पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. १९६२ मध्ये, ८१ वर्षांचे असताना, वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन नागपुरातून अपक्ष लढले आणि लोकसभेत पोचले.