विश्लेषण : ‘बोलेरो’चे संगीतकार राव्हेल अखेरच्या काळात संगीत का लिहू शकले नाहीत?

एकच ठेका, दोन सुरावटी आणि सुमारे १५ मिनिटे वाढत जाणारा आवाज. ‘बोलेरो’ ही रचना आजही जगभर वाजवली जाते. तिचे निर्माते, फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल यांना मात्र अखेरच्या वर्षांत डोक्यातले संगीत कागदावर उतरवणे अशक्य झाले होते. असे का घडले?

सुरुवात कशी झाली?

राव्हेल यांचा जन्म ७ मार्च १८७५ रोजी स्पेनच्या सीमेजवळील सिबूर येथे झाला. वडील इंजिनीअर, तर आई बास्क समाजातील होती. वयाच्या १४व्या वर्षी त्यांना पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

पुरस्काराचा वाद काय होता?

‘प्री द रोम’ या मानाच्या स्पर्धेत त्यांनी पाच वेळा नशीब आजमावले, पण पहिला क्रमांक कधीच मिळाला नाही. १९०५ मध्ये तर ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. अंतिम फेरीतील सर्व स्पर्धक एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी निघाले आणि हे प्राध्यापक परीक्षक मंडळात होते. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. त्याच वर्षी महाविद्यालयाची सूत्रे राव्हेल यांचे गुरू गाब्रिएल फोरे यांच्याकडे आली. पुढे १९२० मध्ये सरकारने देऊ केलेला ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान राव्हेल यांनी नाकारला.

युद्धाचा परिणाम काय झाला?

पहिल्या महायुद्धात ते लष्करी ट्रक चालवत होते. ‘ल तोंबो द कुपराँ’ या रचनेचे सहाही भाग त्यांनी युद्धात मारल्या गेलेल्या मित्रांना अर्पण केले. युद्धात उजवा हात गमावलेले पियानोवादक पॉल विट्गेनस्टाइन यांच्यासाठी त्यांनी फक्त डाव्या हाताने वाजवायची रचना केली.

‘बोलेरो’ वेगळी का?

१९२८ मध्ये नृत्यासाठी लिहिलेल्या या रचनेत ड्रमचा एकच ठेका १६९ वेळा येतो. लय वाढत नाही. एकेक वाद्य सामील होते आणि आवाज चढत जातो.

अखेर कशी झाली?

१९३२ मध्ये त्यांच्या टॅक्सीला अपघात झाला. त्यानंतर मेंदूचा आजार बळावला. शब्द आठवेनात, सही करणेही कठीण झाले. मात्र आपल्या रचनेत वादकाची चूक झाली, तर ती त्यांना लगेच कळत असे. जोन ऑफ आर्कवरील नियोजित ऑपेरा डोक्यातच राहिला. या आजाराच्या नेमक्या निदानावर डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत. डिसेंबर १९३७ मध्ये मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, पण गाठ सापडली नाही. २८ डिसेंबरला, वयाच्या ६२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.